बाईंचं गोल शीड

आमच्या जिंतूरला समुद्र नाही. हे सांगावं लागू नये, पण पुढचं सगळं ऐकल्यावर बाहेरगावची माणसं हमखास विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. समुद्र गाठायचा तर एक अख्खा दिवस आणि दोन वेळचा डबा लागतो. अशा गावात, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या आवारात, सरकीच्या गोदामाला लागून, समुद्रात जाणारी एक होडी उभी होती. आणि मागून वारा आला तर या होडीला कोणतं शीड लावावं, याचा विचार आमच्या गणिताच्या सुमनबाई करत होत्या. इतका विचार लोक मुलीचं स्थळ बघताना करत नाहीत.

मी मंडपवाला. लग्न, सप्ताह, निवडणुकीची सभा, शाळेचं गॅदरिंग, सगळीकडे कापड माझं, खांब माझे, आणि बोलणारा पाहुणा उशिरा आला तर माईकवरही मीच. भरल्या मांडवात नवरदेवाच्या रुसलेल्या मामाला नाव घेऊन पुकारताना माझी जीभ कधी अडखळली नाही. पण समोरच्या गर्दीत पांढरा घट्ट अंबाडा आणि जाड भिंगांचा चष्मा दिसला की माझा आवाज आपोआप खाली यायचा. त्या बाईंनी मला शाळेत गणित शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे, त्यांनी त्यांची बाजू पूर्ण केली होती.

बाई कुणालाही चूक म्हणायच्या नाहीत. फळ्यावर चुकीचं उत्तर आलं की खडू आपल्याच हातात ठेवून म्हणायच्या, "बरं. हे खरं धरू. मग पुढं काय होतं?" आणि मग ज्याचं उत्तर त्यानंच त्याच्या मागं चालत जायचं. मी एकदा असा चालत गेलो तो थेट अशा दुकानात पोचलो, जिथं विकलेली साखर उणे निघत होती. बाई म्हणाल्या, "म्हणजे गजानन, तुझ्या दुकानात गिऱ्हाईकच साखर आणून टाकायलंय." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. मला वाट सापडेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या, खिडकीबाहेर बघत, जणू एसटीची वाट बघतायत.

दुसरी सवय अशी की कुठल्याही लग्नात जेवायला बसण्याआधी बाई माझा मंडप तपासायच्या. कनातीवर तळहात सपाट ठेवून डोळे मिटून उभ्या राहायच्या. बघणाऱ्याला वाटावं, बाई आशीर्वाद देतायत. चारठाण्याला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. हात ठेवला आणि म्हणाल्या, "गजानन, वाऱ्याला आत घेतलंस. बाहेर जायला दार ठेवलं नाहीस."

"बाई, वारं कुठंय? पान हलंना."

"बरं, नाहीये असं धरू. मग हे कापड माझ्या हाताला का ढकलायलंय?"

मी निमूटपणे मागची बाजू सोडली. मंगलाष्टकांच्या ऐन मध्यात वारं उठलं. माझा मोठा मंडप म्हशीच्या पोटासारखा फुगला, खाली बसला, परत फुगला, पण जागचा हलला नाही. आचाऱ्याचा छोटा मंडप, ज्याला बाईंचा हात लागला नव्हता, तो मात्र उठला आणि शेजारच्या तुरीत जाऊन बसला. आचारी कढईजवळ उघड्या आभाळाखाली झारा घेऊन उभा होता. बाई त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "जिलबी मात्र राहिली." आणि पानावर बसल्या.

होडी बाईंची नव्हती. ती त्यांच्या नवऱ्याची. हे गृहस्थ मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर होते, म्हणून आख्खी गल्ली त्यांना चीफसाहेब म्हणायची. त्यांची सगळी नोकरी जहाजाच्या पोटात, इंजिनाच्या धडधडीत गेली. "लोक म्हणतात मी समुद्रावर होतो," ते सांगायचे. "मी समुद्राच्या खाली होतो. वर येऊन बघावं तर बंदर आलेलं असायचं." निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं की आता समुद्र वरून बघायचा, तोही इंजिनाशिवाय. जिनिंगचं आवार भाड्यानं घेतलं आणि प्लायवूड, फायबर यांची होडी बांधायला घेतली. दोन लांब सडपातळ होड्या, मधे फळ्यांचा ओटा, त्यावर दोन माणसं झोपतील एवढी खोली, आणि वर डोलकाठी. इंग्रजीत तिला कॅटामरान म्हणतात. कापूस घेऊन रस्त्यानं जाणारे शेतकरी थांबून बघायचे आणि म्हणायचे, "दोन होड्यांना जू घातलंय की सायबानं."

बेत असा होता. दिवाळी झाली की होडी ट्रकवर घालून कोकणात न्यायची. त्या दिवसांत तिथं दुपारचा वारा वायव्येकडून येतो. त्याच्याकडे पाठ करायची आणि रत्नागिरी, वेंगुर्ला, गोवा, कारवार असं खाली खाली जात राहायचं. दोघंच. संध्याकाळ झाली की खाडीत शिरायचं, नांगर टाकायचा, खिचडी टाकायची.

होडी जवळपास पुरी झाली आणि चीफसाहेबांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणं परत आलं. डावा हात अर्धाच परत आला. कप धरायचा, पेपर धरायचा; दोर आला की बोटं उघडी पडायची.

तोवर बाई जिनिंगमध्ये फक्त चहा घेऊन यायच्या. त्या दिवसापासून त्या होडीत चढल्या. पहिला प्रश्न विचारला तो त्यांच्या पद्धतीचा. "मागून वारा, मागून वारा म्हणायलात. तो मागून आलाय हे कळतं कसं?"

चीफसाहेब म्हणाले, "अहो बाई, पाठीला लागतो." नवराही त्यांना बाईच म्हणायचा.

"बरं. पाठीला लागतो असं धरू."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई माझ्या गोदामात. "गजानन, स्कूटर काढ. येलदरी रोडला जायचंय." हातात पेटवलेली उदबत्ती. मला वाटलं देवाला निघाल्या. मागं बसल्या, एका हातानं माझा खांदा धरला, दुसऱ्या हातात उदबत्ती उभी. वारा चांगला होता आणि पाठीवर होता. बाई मागून सूचना देत होत्या: वाढव, अजून जरा, थोडा कमी कर, हां, आता असाच ठेव. मी मान वळवून बघितलं. उदबत्तीचा धूर सरळ वर चालला होता, देवघरात जातो तसा.

"आता सांग, वारा कुठंय?"

"पडला की बाई."

"पडला असं धरू. मग ती ज्वारी का वाकायलीय?"

ज्वारी खरंच वाकत होती. सगळं रान एका अंगावर झोपलं होतं आणि आम्ही मात्र बंद खोलीत बसल्यासारखे चाललो होतो. "आता वळव," बाई म्हणाल्या. मी वळवली आणि एक मुस्काटात बसली. धूळ, काडीकचरा, डोळ्यांत पाणी. उदबत्ती विझली, माझी टोपी कॅनॉलमध्ये गेली. बाई कानाशी शांतपणे बोलत होत्या, "वारा पडला नव्हता. आपण त्याच्या बरोबर पळत होतो म्हणून तो गोड वाटत होता. मागचा वारा किती आहे ते वळल्याशिवाय कळत नाही. आणि होडीला कधीतरी वळावं लागणारच ना रे?"

त्या आठवड्यात आम्ही रोज हेच केलं. गावात बातमी झाली की नवऱ्याच्या हातासाठी बाईंनी स्कूटरवरून उदबत्ती फिरवायचा नवस केलाय, आणि तो पावतो. तिसऱ्या दिवशी एका माउलीनं मला रस्त्यात थांबवून नारळ दिला. मी तो घेतला. नाही म्हणायला तोंडात धूळ होती.

आता शिडांबद्दल. घाबरू नका, मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. बाईंनी हे मला आणि खलील मास्टरांना एकदमच समजावलं, मास्टरांच्या दुकानात, कापण्याच्या टेबलावर दोन हातरुमाल ठेवून. मास्टर म्हणजे माझ्या मंडपांचे दर्जी. झालरीपासून ताडपत्रीपर्यंत काहीही शिवतात. मागून वारा असला की रोजची शिडं मरगळतात, म्हणून पातळ पॅराशूटच्या कापडाचं मोठं वेगळं शीड पुढं लावतात. त्यात दोन जाती. एक गोल: दोन्ही बाजू सारख्या, खालची दोन टोकं होडीच्या दोन नाकांना बांधायची, वारा भरला की फुगा. हे नाकासमोर सरळ वाऱ्याबरोबर जातं. दुसरं तिरकं: एकच टोक पुढं बांधलेलं, दुसरं मागं मोकळ्या दोरावर. हे आवरायला सोपं, पण सरळ जात नाही. वारा थोडा कडेनं घेत नागमोडी जावं लागतं, आणि प्रत्येक वळणाला शीड या अंगाचं त्या अंगाला न्यावं लागतं.

खलील मास्टर दोन्ही रुमाल उचलून बघत म्हणाले, "समज गया बाई. ये गोल वाला दुल्हन का घागरा है. और ये तिरपा, निस्ता दुपट्टा."

"बरोबर. आणि वारा सुटल्यावर घागरा आवरायचा कसा?"

त्यालाही उपाय होता. शिडाच्या डोक्यावर गोळा करून ठेवलेली एक लांब बाही. तिचा दोर ओढला की बाही वरून खाली उतरते आणि फुगलेलं शीड तिच्यात कोंबलं जाऊन काठीसारखं लोंबतं. मास्टरांना हे फार आवडलं. "अंगरखे कू बाही लगाते सुना था. बाही में अंगरखा डालना पैली बार देखा."

चीफसाहेबांना गोलच हवं होतं, आणि मोठ्यात मोठं. नारिंगी आणि पांढरे पट्टे. त्यांनी ते कुठल्याशा परदेशी बंदराबाहेर जहाजाच्या डेकवरून, विडी ओढायला वर आले असताना बघितलं होतं. बाईंचा कल तिरक्याकडे होता, पण त्या वाद घालत नव्हत्या. म्हणाल्या, "बरं, मोठं गोल असं धरू." मास्टरांनी शिवलं. रीतसर परवानगी काढून आम्ही होडी येलदरी धरणाच्या पाण्यावर नेली.

होडीवर चौघं. सुकाणूवर चीफसाहेब, उजवा हात दांड्यावर. बाही बाईंकडे. मी ओझं म्हणून. आणि माझा जुना माणूस नामदेव, ज्यानं पंचक्रोशीतले निम्मे मांडव बांधलेत. त्याला एकच काम दिलं होतं: शिडाच्या उजव्या टोकाचा दोर धरून बसायचं आणि बाईंनी 'सोड' म्हटलं की सोडायचा. टोक सुटलं की फुग्यातली हवा निघते, मग बाही खाली येते.

शीड उघडलं तेव्हाचं काय सांगू. आवाज झाला, गोदामाचं शटर उघडल्यासारखा, आणि धरणावर एक नारिंगी सूर्य उभा राहिला. होडी चालली म्हणून कळलंच नाही. ना इंजिन, ना धक्का. चीफसाहेबांच्या तोंडाकडे मी बघितलं आणि दुसरीकडे बघितलं. ते बघायचा हक्क आपला नव्हता.

वारा वाढत होता. आम्हाला तो गोड लागत होता. एका होडीची नाव असती तर कललेल्या अंगानं सांगितलं असतं की पुरे आता. ही दोन पायांवर उभी. काही बोलली नाही, फक्त पळत राहिली. पुढं पाण्यातून बुडालेल्या बाभळींचे शेंडे दिसायला लागले. बाई म्हणाल्या, "नामदेव, सोड."

नामदेवानं सोडला नाही. त्यानं मंडपवाल्याला जे आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं ते केलं. वारं सुटल्यावर मांडव टाकून दोर सोडणारा माणूस आमच्या धंद्यात तोंड दाखवत नाही. त्यानं दोराला आमची दुहेरी गाठ मारली, जी ओढेल तेवढी आवळते, आणि वर स्वतःचं सगळं वजन घेऊन लटकला. तोंडानं मला धीर देत होता, "मालक, काळजी करू नका, मी हाय. कापड जात न्हाई."

बाई बाहीचा दोर ओढत होत्या. भरलेल्या फुग्यावर बाही उतरेना. मग मला आकड्यांचा आवाज आला. बाई पाढा म्हणत होत्या, एकोणतिसाचा, वर्गात म्हणायच्या तसाच, सपाट सुरात. चीफसाहेबांनी मला नंतर सांगितलं, त्या घाबरल्या की एकोणतिसाचा म्हणतात. सोपा पाढा असला तर भीतीला मधे शिरायला जागा राहते. डावा दोर चीफसाहेबांच्या डाव्या अंगाला, खुंटीवर होता. त्यांनी डावा हात टाकला. बोटं दोरावर बसली आणि घसरली. परत टाकला. परत घसरली. उजवा हात सुकाणूवरून काढला असता तर होडी आडवी फिरली असती.

बाईंनी बाही सोडली, ओट्यावरून वाकत आल्या, नवऱ्याच्या हाताखालून हात घातला आणि खुंटीवरचा दोर उडवून दिला. डावं टोक सुटलं. सूर्य फडफडून फाटक्या निशाणासारखा लोंबला. बाई परत जागेवर गेल्या, ओढलं, बाही सरसर उतरली. बाभळीचा शेंडा माझ्या हाताला लागेल इतका जवळ होता. बाई नामदेवाची गाठ सोडवत बसल्या, आणि सोडवून झाल्यावर त्याला म्हणाल्या, "गाठ छान आहे. मला शिकवशील?"

"शिकवतो की," नामदेव म्हणाला, आणि तोंड धुवायच्या निमित्तानं पाण्याकडे वळला.

किनाऱ्यावर चीफसाहेब म्हणाले, "होडी विकायची."

 मग बाईंकडे वळले. "बाई, आज तुम्ही होत्या. समुद्रात दोघंच. समजा तुम्हीच पाण्यात पडलात. शीड भरलेलं, होडी पळायलीय, तुम्ही मागं राहायलात. ते शीड मला एकट्याला उतरवता आलं नाही, तर मी वळून तुमच्याकडं येणार कसा? तुम्हाला पोहता येत नाही. मी बघत बघत लांब जाणार." त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला, परक्याची वस्तू ठेवावी तसा. "जे मला एकट्याला थांबवता येत नाही, त्यावर मी तुम्हाला न्हेणार नाही."

गिऱ्हाईक तयार होतं. आमच्या भागातल्या एका मंगल कार्यालयाच्या लॉनवाल्याचा या होडीवर डोळा होता. लॉनच्या मधोमध ठेवून तिच्यात पाणीपुरीचा काउंटर करायचा त्याचा विचार होता. तो माझा चांगला ओळखीचा, म्हणून निरोप माझ्यामार्फतच येत होते. चीफसाहेबांनी त्याला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं, तेही बाईंनी तेवढं मागितलं म्हणून.

मला वाटलं बाई आता तिरकं शीड घेणार, नाहीतर मोठ्या शिडाचा नादच सोडणार. चीफसाहेब तेच म्हणाले, "हवं तर रोजच्याच शिडांवर जाऊ, वारा पडला तर एक छोटं इंजिन लावून घेऊ."

"इंजिन तीस वर्षं लावलंत की," बाई म्हणाल्या. "आणि तिरकं घेतलं तर दर वळणाला दोन हात पाहिजेत. माझे दोन धरले तर चालतं. मी पाण्यात आहे असं धरलं तर?"

मग त्या एके दिवशी माझ्या गोदामात येऊन म्हणाल्या, "नामदेव, तुझा हातगाडा दे. बांबू भरलेला." जिनिंगच्या आवारात त्यांनी नामदेवाला तो गाडा मागून ढकलायला लावला आणि मधेच म्हणाल्या, "हात सोड." गाडा दोन पावलं गेला आणि तिरपा होऊन जुन्या सरकीच्या ढिगात घुसला. परत आणला. आता पुढून दोर बांधून ओढायला लावलं. मागं कुणी नाही, कुणी धरलेला नाही. गाडा शेपटासारखा नामदेवाच्या मागं सरळ गेला. परत ढकल, परत ओढ. बाई कठड्यावर बसून बघत होत्या. असा सगळा दुपारचा वेळ. शेवटी नामदेव घाम पुसत मला म्हणाला, "मालक, बाईंना काय पाहिजे ते एकदा इचारा तरी. मी बैल हाय का माणूस, मलाच कळंना झालंय."

मी विचारलं. बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. असा चष्मा त्या वर्गात क्वचित काढायच्या. गणित सुटलं की.

"मी हे शीड उतरवायचं कसं ते बघत होते," म्हणाल्या. "ते चुकलं. उतरवताना सुकाणू कोण धरणार, हा प्रश्न आहे. ह्यांना एकच हात. तो सुकाणूला गेला तर दोराला कोण? पण मागची रोजची शिडं सगळी काढून टाकली आणि गोल शीड दोन्ही नाकांना सारखं बांधलं, तर होडीला पुढूनच ओढ आहे. सोडलेल्या गाड्यासारखी ती वाकडी जाणार नाही. नामदेव ओढतो तशी सरळ जाईल. सुकाणू बांधून ठेवलं तरी चालेल. हात मोकळा."

मग गोलच. पण केवढं? इथं चीफसाहेब एकदाच हट्टाला पेटले. मोठं होडीला जास्त ओढतं, हे गणितातही बसत होतं. बाई म्हणाल्या, "बरं, जास्त ओढतं असं धरू. वारा थोडा चढला की तुम्ही ते लावाल का? खरं सांगा." चीफसाहेबांनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. "नाही लावणार," म्हणाले. बाई म्हणाल्या, "मग ते कुणालाच ओढत नाही. पिशवीत पडून राहतं."

खलील मास्टरांनी घागऱ्याचा घेर निम्म्यावर आणला. कापड जरा जाड घेतलं. बाईंनी दोन्ही बाजूंचे दोर फिरवून उजव्या हाताशी एकाच खुंटीवर आणले, एका झटक्यात दोन्ही सुटतील असे. बाहीचा दोर कप्पीतून तिथंच आणला आणि पुढं एक दातेरी खाच बसवली, जी दोराला येऊ देते पण परत जाऊ देत नाही. ओढा, सोडा, परत ओढा. मधे हाताला विसावा. हे सगळं त्यांनी स्वतः, डावा हात पदरानं अंगाशी बांधून, करून बघितलं. रोज. जिनिंगमधल्या उभ्या होडीवर, डोलकाठीवरून शीड उतरवत. कापूस घेऊन रस्त्यानं चाललेली माणसं गाडी थांबवून बघत बसायची. मीसुद्धा बसायचो. मी त्या बाईंना वाऱ्याशी बोलताना बघितलं होतं, पण हे वेगळं होतं. एक माणूस दुसऱ्या माणसाच्या उरलेल्या हातात जाऊन राहत होतं.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही परत येलदरीला गेलो. वारा आमच्या पाठीकडून पाण्याकडे चालला होता, आणि चांगला होता. होडी पाण्यात उतरली. चीफसाहेब चढले. बाई चढल्या, दोर एकदा हातानं तपासले, आणि उतरल्या. चपला हातात घेतलेल्या.

"हे काय?" चीफसाहेब म्हणाले.

"मी पाण्यात पडले असं धरा."

"अहो बाई, वारा वाढायलाय."

"मग आजच." त्यांनी नामदेवाकडे बघितलं. नामदेवानं होडी ढकलली.

बाई पाण्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "तू बघ. बोलू नको." अख्खं आयुष्य जे दिसेल ते माईकवर सांगण्यात घालवलेल्या माणसाला ही शिक्षा होती, आणि मी ती भोगली.

शीड चढलं. नारिंगी-पांढरंच होतं, पण आता सूर्य नव्हता, चांगल्या कणकेचा गोळा होता, घट्ट. होडी पाण्याच्या मधोमध चालली. चीफसाहेबांनी सुकाणूचा दांडा दोरीनं बांधला आणि हात काढून घेतला. होडी सरळ गेली. मग त्यांनी खुंटीला हात घातला. दोन्ही टोकं एकदम उडाली, कापड फडफडलं, इथपर्यंत ऐकू आलं. बाईंचा खांदा हलला. बाही निघाली. वरून एक माणूसभर उतरली आणि थांबली. शीड खालच्या अंगानं परत भरायला लागलं. होडी पुढं बाभळींकडे सरकत होती. माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते. बाईंची पाठ तशीच होती, वर्गात खिडकीबाहेर बघताना असायची तशी.

चीफसाहेब खाली बसले. पाय ओट्याच्या कडेला रोवले आणि सगळं अंग मागं टाकून दोर ओढला. बाही हातभर उतरली. खाचेनं दोर धरला. त्यांनी हात सोडला, परत पकडला, परत मागं झाले. हातभर. परत हातभर. असं करत करत ते सगळं कापड त्या बाहीत गेलं, आणि होडी पाण्यावर उभी राहिली.

"उतरलं, बाई," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. वळल्या नाहीत. चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या, खूप वेळ. पाण्यात पडलेल्या माणसाला उचलायला आता होडी वळून यायची, असं ठरलं होतं.

नामदेव म्हणाला, "बाई, सायेब परत चढवायलेत की."

पुढच्याच आठवड्यात होडी ट्रकवर चढून कोकणात गेली. मी तेव्हा पूर्णेला एका सप्ताहाच्या मांडवात अडकलो होतो, त्यामुळे त्या निघण्याआधी बाईंना मी शेवटचं बघितलं ते त्या दिवशी, त्या धरणावर. नामदेवाचं ऐकून त्या वळल्या. चीफसाहेब आमच्याकडे येत नव्हते. बाही वर गेली होती, गोल शीड भरलं होतं, आणि ते वाऱ्याबरोबर मोठ्या पाण्याकडे निघाले होते, एकटे, बाभळींना चांगला वळसा घालून. मी हाक मारायला हात वर केला. बाईंनी तो मनगटाला धरून खाली आणला.

"येतील," म्हणाल्या. "जाऊ दे थोडं."

लॉनवाल्याला काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागलो. बाई पुढं जाऊन घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. चपला हातातच होत्या. वारा मागून येत होता, आणि त्यांचा पदर सुटून पुढं, पाण्यावर, त्या शिडाच्या दिशेनं उडत होता. त्यांनी तो आवरला नाही.